खळगा भरून आला

नानासाहेबांच्या डोक्यावरचा खळगा भरून यायला लागला, त्या दिवशी इंद्रायणीनं शिरा केला. शेजारच्या गिरजाबाईंना वाटीभर दिला, दिराच्या घरी डबा धाडला आणि उरलेला नवऱ्याला चमच्यानं भरवला. आपण नेमका कशाचा आनंद केला हे तिला महिन्याभरानं कळलं. तोवर मधे जे दिवस गेले, त्यांत खरं काय आणि आपल्या मनाचे खेळ कोणते, याचा तिला काही केल्या थांग लागत नव्हता.

ही दोघं मोशीची. नानासाहेब जुन्या शेतकरी घरातले, वय बावन्न. शेतांच्या जागी आता चौदा-चौदा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत, पण चाकणकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून वीस गुंठ्यांचा एक तुकडा त्यांनी आणि धाकट्या भावानं, भीमराजनं, राखला होता. त्यावर नानासाहेबांनी ट्रक तोलायचा वजनकाटा टाकला. कंपन्यांना जाणारं पोलाद, भंगार, कांदा, क्रशरची वाळू, सगळं त्या काट्यावरून जायचं. गाडी काट्यावर चढायच्या आधी नुसतं टायरांकडं बघून नानासाहेब वजन सांगायचे. "अठरा सहाशे," म्हणायचे, आणि काटा अठरा टन सहाशेच्या शेदोनशे किलो इकडं-तिकडंच दाखवायचा. ड्रायव्हर लोक मुद्दाम थांबून ऐकायचे.

इंद्रायणी सेहेचाळीस वर्षांची, माहेर चऱ्होलीचं, शिक्षण दहावी. मुलगी तनुजा शाळेत जायला लागली तशी ती काट्यावर यायला लागली आणि बघता बघता कॉम्प्युटर तिच्या हाताखाली आला. नवऱ्यानं तिला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती: आकडा पटला नाही तर भांडायचं नाही, गाडी खाली उतरवायची, काटा शून्यावर आणायचा आणि परत चढवायची. तनुजा आता इंजिनिअर होती, लग्न होऊन सांगवीला राहत होती आणि हिंजवडीला नोकरीला जात होती.

फेब्रुवारीतला मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. नानासाहेबांच्या डाव्या हातातून चहाचा ग्लास सुटला. गरम चहा मांडीवर सांडला तरी त्यांनी खाली बघितलं नाही.

"अहो, चहा सांडला की!"

"कंचा चहा?" ते म्हणाले. मग टेबलावर पडलेल्या स्वतःच्या डाव्या हाताकडं बघून त्यांनी कपाळाला आठी घातली. "हा हात कुणाचा हाय? हितं कुणी आणून ठिवला?"

इंद्रायणी हसली. तिला वाटलं, गंमत करतायत. ते हसणं तिला पुढं कित्येक महिने टोचत राहिलं. खिडकीतून पावती घ्यायला वाकलेला ड्रायव्हर मात्र हसला नाही. तो म्हणाला, "काकू, माझ्या बापाला असंच झालं होतं. पावती राहू द्या. यांना दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, पण मेंदूच्या उजव्या बाजूची मोठी नस बंद झाली होती ती काही म्हणावी तशी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नानासाहेब हाक मारली तरी डोळे उघडेनात. मेंदूच्या सर्जन डॉक्टर मधुवंती बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील, बोलणं हळू, पण प्रत्येक शब्द सुटा.

"मेंदूचा बराच भाग रक्ताविना गेलाय, आणि गेलेला भाग सुजतोय. कवटी ताणली जात नाही. आत जागा नसली की सूज खालच्या भागावर दाब देते, आणि श्वास तिथून चालतो. म्हणून उजवीकडचं हाड काढावं लागेल. तळहातापेक्षा मोठा तुकडा असेल."

"आन् ते हाड?" भीमराजनं विचारलं.

"पोटाच्या कातडीखाली ठेवू. तिथं जपून राहतं. सूज उतरली की काही महिन्यांनी परत डोक्यावर बसवू."

इंद्रायणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं तनुजाला तीनदा विचारलं, "पोटातच म्हणाल्या ना?" तनुजा रडत रडत मान हलवत होती. डोक्याचं हाड पोटात. त्या दिवशी इंद्रायणीनं कागदावर सही केली खरी, पण तिच्या मनात एवढा एकच विचार घोंगावत होता, की ते हाड तिथं हललं तर त्यांना कळेल का?

नानासाहेब वाचले. अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं तेव्हा डोक्याच्या पट्टीवर नर्सनं मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नो बोन'. कुशीवर वळवताना कुणाचा हात चुकून तिथं पडू नये म्हणून. मार्चच्या शेवटी ते घरी आले. डावा हात, डावा पाय लुळा. पट्टी निघाली तसा उजव्या बाजूला खळगा दिसायला लागला, पिकल्या पपईत अंगठा दाबावा तसा. कातडीखाली धकधक व्हायची. गावातल्या बायका भेटायला यायच्या आणि तिकडं न बघता बोलायच्या.

पण एप्रिल चांगला गेला. रहाटणीहून स्वानंद नावाचा फिजिओथेरपिस्ट पोरगा आठवड्यातून तीनदा दुचाकीवर यायचा. चार पायांची काठी उजव्या हातात देऊन त्यानं नानासाहेबांना उभं केलं, खोलीत चालवलं, मग अंगणातून गेटापर्यंत नेलं. बोलणं शाबूत होतं. डावी बाजू जगात आहे हेच मात्र ते विसरायचे. ताटातलं उजवीकडचं जेवण संपवून "भाजी न्हाई वाढली," म्हणून रागवायचे, की इंद्रायणी ताट अर्धं फिरवायची आणि भाजी त्यांच्यापुढं यायची. मग ते ओशाळून हसायचे. काट्यावर भीमराज बसत होता. नानासाहेब रोज संध्याकाळी त्याला फोन करून सगळ्या गाड्यांची विचारपूस करायचे आणि झापायचे. इंद्रायणीला वाटलं, चला, माणूस मिळाला. हात-पाय येतील तेव्हा येतील.

मे महिन्यात खळगा भरायला लागला.

पहिल्यांदा गिरजाबाईंच्या लक्षात आलं. त्या लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आल्या होत्या. नानासाहेब पडून होते. गिरजाबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं इंद्रे, भरून आलं की गं! बघ, पार बरोबरीला आलंय. आतून मांस धरतंय."

इंद्रायणीनं बोटांनी हळूच चाचपलं. खरंच. जिथं चार दिवसांपूर्वी वाटी बसेल एवढी खोली होती, तिथं कातडी सपाट झाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली आणि तिनं रवा भाजायला घेतला. भीमराज शिरा खाऊन म्हणाला, "म्या म्हनलं व्हतं ना वैनी, दादाचा पिंडच तसला हाय. जखम लगेच भरती."

त्या दिवशी नानासाहेबांनी शिरा गिळायला फार वेळ घेतला. तोंडात घास धरून बसले. ते तिनं पाहिलं होतं. पण आनंदाच्या भरात त्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही.

मग हळूहळू सगळं उलटं व्हायला लागलं. आधी संध्याकाळचे फोन बंद झाले. "भाऊजींना लावू का?" विचारलं तर नुसतं "हूं". लावून कानाशी धरला तरी "हूं". काही विचारलं तर उत्तर यायला एवढा वेळ लागायचा की विचारणारा दुसरं काही बोलायला लागायचा, आणि मग मधेच पहिल्या प्रश्नाचं उत्तर यायचं. ताट फिरवलं तरी आता ते ओशाळायचे नाहीत. फिरवलं काय आणि न फिरवलं काय. दुपारी झोप, संध्याकाळी झोप. दोनदा सकाळी उठल्या उठल्या उलटी झाली. अंथरूण ओलं व्हायला लागलं, आणि ओल्यात ते तसेच पडून राहायचे, जणू ते दुसऱ्याच कुणाचं अंथरूण आहे.

स्वानंदनं उभं केलं तर पाय फरशीला चिकटल्यासारखे. पाऊल सुटायचंच नाही. जो उजवा पाय धड होता तोसुद्धा.

"काकू, मागच्या महिन्यात काका गेटापर्यंत जात होते," तो म्हणाला. "मी नसतो त्या दिवशी चालवत नाही का त्यांना?"

"चालवती की रे. पन ते उठतच न्हाईत."

"मनानं घेतलं असेल. अशा आजारात होतं तसं. डॉक्टरांना दाखवा."

गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी तपासलं. नैराश्य म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आणखी वाढली. तनुजानं मोबाइलवर बघून तेच सांगितलं. भीमराजचं मत निराळं होतं. "वैनी, तुमी लाडावून ठिवलाय दादाला. तोंडात घास, अंगाखाली चादर. कशाला उठंल त्यो?" इंद्रायणीनं मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून कुणीतरी शांतपणे विचारलं, ताप आहे का? फिट आली का? नाही. मग जूनअखेरची तारीख दिलीय, तेव्हा हाड बसवायचं बोलूच, त्या दिवशी घेऊन या.

तिनं फोन ठेवला. डोकं बरं होत होतं आणि माणूस बिघडत होता. दोन्ही तिच्या डोळ्यांपुढं, एकाच खाटेवर. एक खरं असेल तर दुसरं कसं खरं? तिला आपल्याच नजरेचा भरवसा वाटेना. कदाचित एप्रिलमध्येच आपण ज्यादा आशेनं बघत होतो. कदाचित हा माणूस आधीपासून असाच होता. कदाचित लाडच झाले.

त्यात एका रविवारी आणखी गोंधळ झाला. सकाळी नानासाहेबांना पुसताना तिला वाटलं, ती जागा सपाट नाही, फुगीर आहे. हाताला टणक लागतंय. संध्याकाळी तनुजा आली. नानासाहेब खुर्चीत उशांच्या आधारानं बसलेले.

"कुठं फुगलंय आई? मला तर उलट जरा खोलच दिसतंय."

इंद्रायणीनं जाऊन बघितलं. खरंच, सकाळसारखं नव्हतं. आता आपलंच डोकं फिरायला लागलं, असं तिच्या मनात आलं, आणि ती खरोखर घाबरली.

दुसऱ्या दिवशी तिनं काट्यावर करायची तीच गोष्ट केली. आकडा पटत नव्हता, तर परत तोलायचं. तिनं मोबाइल घेतला आणि फोटो काढायला सुरुवात केली. सकाळी उठवायच्या आधी एक, संध्याकाळी खुर्चीत बसवून अर्ध्या तासानं एक. त्याच बाजूनं, तेवढ्याच अंतरावरून, मागं तीच निळी भिंत. आठ दिवस काढले. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

पुढच्या रविवारी तिनं मोबाइल तनुजाच्या हातात दिला. "आधी सकाळचे बघ. मग संध्याकाळचे."

तनुजानं बोटानं एकेक सरकवला. सकाळी फुगलेलं, संध्याकाळी उतरलेलं, रोज तसंच. पण पहिल्या सकाळचा आणि आठव्या सकाळचा फोटो शेजारी ठेवल्यावर तनुजाचं बोट थांबलं. आठव्या सकाळी कातडी ताणून चकाकत होती आणि डोक्याची उजवी बाजू डावीपेक्षा पुढं आली होती. आठव्या संध्याकाळीसुद्धा आता खोल असं काही उरलं नव्हतं.

"आई, मांस असं सकाळ-संध्याकाळ वर-खाली होत नाही," ती म्हणाली.

"मग काय हाय ते?"

"मला नाही माहीत. उद्या तारीख-बिरीख काही नाही. सरळ घेऊन जायचं."

सोमवारी सकाळी दहाला ते दवाखान्यात होते. डॉक्टर मधुवंतींनी फोटो बघितले, मग नानासाहेबांच्या डोक्याला दोन बोटं लावली, आणि लगेच स्कॅनला पाठवलं. तासाभरानं त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. इंद्रायणीला त्यातलं एवढंच कळलं, की मधोमध दोन मोठे काळे डाग होते.

"हे पाणी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. ते मेंदूभोवती फिरतं आणि रक्तात जिरतं. एवढा मोठा झटका आणि एवढं मोठं ऑपरेशन झालं की काही जणांचं हे जिरणं बिघडतं. पाणी तयार होत राहतं, जात नाही. आतल्या कप्प्यांत साठतं आणि मेंदू बाहेर ढकलतं. हाड नाही, म्हणून ते बाहेर दिसलं. झोपलं की जास्त, बसलं की कमी."

"म्हंजे ते भरून आलेलं..."

"भरून येणं चांगलं नव्हतं. त्यांची झोप, पाय चिकटणं, कपडे ओले होणं, उत्तर उशिरा येणं, हे सगळं त्यानंच."

इंद्रायणी बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या नाकात भाजलेल्या रव्याचा वास आला. तिथं तसा वास यायचं काही कारण नव्हतं. तनुजा शेजारी बसली. "तुला कसं कळणार होतं आई? कुणालाच नाही कळलं." पण इंद्रायणीच्या मनात दुसरंच चाललं होतं. तिला कळलं होतं, आणि तरी कळलं नव्हतं. हे कुणाला समजावून सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून सुईनं थोडं पाणी काढलं. काढून बघू, फरक पडतो का, म्हणाल्या. चहाचा अर्धा कप भरेल, त्याहूनही कमी. दिसायला साध्या पाण्यासारखं, नितळ. एवढ्याशा पाण्यानं माणूस जातो? इंद्रायणीला ते पटलं नाही.

दुपारी चारच्या सुमाराला ती खाटेशेजारी स्टुलावर बसून पेंगत होती.

"तू जेवलीस का?"

ती दचकली. आधी तिला वाटलं, पलीकडच्या खाटेवरून कुणी बोललं. नानासाहेब तिच्याकडं बघत होते. सरळ, ओळखीच्या नजरेनं.

"न्हाई... व्हय. जेवले. तुमी..."

"आपन दवाखान्यात का हाय परत? कंचा महिना चाललाय?"

"जून."

ते विचारात पडले. "एप्रिलचं मला आठवतंय. त्या पोरानं गेटापस्तोर नेलं व्हतं. त्याच्या फुडचं कुठं गेलं?"

महिना कुठं गेला हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं त्यांचा उजवा हात धरला आणि ते दोघं तासभर बोलत बसले. काट्यावरचं, तनुजाचं, पावसाचं. त्यांनी भीमराजला फोन लावायला सांगितला आणि तिकडं भीमराज रडायलाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "चहा घेता का?" बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"हूं."

माणूस आला होता आणि परत गेला होता. पाहुण्यासारखा. ती आधीपेक्षा जास्त गोंधळली. काल जे बोलले ते खरे नानासाहेब, की आज जे गप्प आहेत ते? डॉक्टर मधुवंती म्हणाल्या, पाणी काढल्यावर फरक पडला, म्हणजे कायमची नळी घालावी. डोक्यातून निघून कातडीखालून कानामागून, मानेतून, छातीवरून थेट पोटात सोडायची. जादा पाणी तिथं जाईल आणि अंग ते शोषून घेईल.

"पोटात तर हाड हाय," इंद्रायणी म्हणाली.

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "हाड एका बाजूला आहे, नळी दुसऱ्या बाजूला जाईल. एकमेकांना लागणार नाहीत."

त्यांच्याबरोबरच्या एका तरुण डॉक्टरांचं मत वेगळं पडलं. कधी कधी नुसतं हाड परत बसवलं तरी पाण्याचं गणित आपोआप सुधारतं, नळीला जंतू लागायची, ती तुंबायची भीती असते, असं ते म्हणाले. मधुवंती म्हणाल्या, खरं आहे, होतं तसं. पण इथं मेंदू इतका बाहेर आलाय की हाड बसणारच नाही. दोघंही शिकलेले. दोघंही खरंच बोलत असावेत असं वाटत होतं. आणि भीमराज म्हणत होता, "सुईनं बोलला ना दादा? मग रोज सुईनं काढा की. अजून चिरफाड कशाला?"

"रोज टोचलं तर जंतू आत जायची भीती वाढते," मधुवंती म्हणाल्या. "आणि उद्याचं पाणी उद्या परत तयार होणारच. किती दिवस काढणार?"

कागद इंद्रायणीपुढं होता. सगळे तिच्याकडं बघत होते. ती म्हणाली, "मॅडम, एकदा बोलले. तो योगायोग बी असंल. परत एकदा काढून बघता का? परत तसंच झालं तर मी सही करते."

भीमराजनं कपाळाला हात लावला. पण डॉक्टर मधुवंती म्हणाल्या, "चालेल. एकदा आणखी काढणं ठीक आहे. परवा काढू."

तिसऱ्या दिवशी काढलं. इंद्रायणी या वेळी पेंगली नाही. ती घड्याळ बघत बसली. तीन वाजून दहा मिनिटांनी नानासाहेब म्हणाले, "हा पंखा लई आवाज करतोय." तिनं पेन मागितलं आणि सही केली.

नळी घातली. या वेळी ते आले तसे दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून लघवीचं भांडं मागितलं, आणि ते मागणं ऐकून नर्ससुद्धा टाळी वाजवून हसली. दोन आठवड्यांत डोक्यावरचा फुगवटा बसला. खळगा परत दिसायला लागला, आणि या वेळी खळगा बघून इंद्रायणीला बरं वाटलं. गिरजाबाईंना हे समजावताना तिची पुरेवाट झाली. "खोल गेलं म्हंजे बरं? आन् तवा भरलं ते वाईट? कसलं गं बाई उलटं दुखणं तुमचं," म्हणत त्या निघून गेल्या.

ऑगस्टमध्ये पोटातलं हाड काढून डोक्यावर बसवलं. कडा थोड्या झिजल्या होत्या, पण बसलं. डोकं गोल झालं. तनुजानं आरसा आणून दाखवला. नानासाहेब उजव्या बाजूला बघत राहिले. डाव्या बाजूची अर्धी दाढी तशीच राहिलीय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

डावा हात आला नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, जो भाग गेला तो गेला; पाण्यानं जे झाकलं होतं तेवढं परत मिळालं. दिवाळीपर्यंत ते काठी घेऊन गेटाबाहेर दहा पावलं जायला लागले. काट्यावर एकदा नेलं, पण डावीकडचा आकडा वाचायचा राहून जायचा. अठरा हजाराचे आठ हजार व्हायचे. ते त्यांनाच कळलं आणि मग ते तिथं नुसते बसायला जायला लागले. आकडे इंद्रायणी बघते.

तो महिना-दीड महिना त्यांना कधीच आठवला नाही. ते तिलाच विचारतात, "मी कसा व्हतो तवा?" ती सांगते. ते परक्या माणसाची हकिगत ऐकावी तसं ऐकतात आणि म्हणतात, "लई ताप दिला असंल तुला." ताप दिला नव्हता, हेच तर होतं. काहीच दिलं नव्हतं. पण हे ती बोलत नाही.

डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, नळी कधी तुंबू शकते. झोप वाढली, उलट्या झाल्या, बोलणं मंदावलं तर लगेच या. तेव्हापासून इंद्रायणीचं लक्ष सदा तिथंच. कानामागं कातडीखाली नळीचा उंचवटा आहे, तो ती रोज तेल लावताना चाचपते, जणू चाचपून तिला काही कळणार आहे. ते दुपारी जरा जास्त झोपले की ती दोनदा येऊन बघते.

डिसेंबरातली एक दुपार. नानासाहेब अंगणात खुर्चीवर ऊन खात बसले होते. समोरच्या सोसायटीची सावली सरकत सरकत गेटापर्यंत आली होती. इंद्रायणीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, मेथी टाकू का वांगी?"

उत्तर नाही.

ती हात पुसत बाहेर आली. ते समोर बघत होते.

"अहो! आज वार कंचा हाय?"

ते काही बोलले नाहीत.

"अहो, माझ्याकडं बघा. वार सांगा. तनीचं सासर कुठं हाय? महिना कंचा?"

नानासाहेबांनी सावकाश मान वळवली. "गुरुवार. सांगवी. डिसेंबर," ते म्हणाले. "अगं, मी गप बसलोय. मानसानं जरा गप बी बसू न्हाई का?"

"बसा की."

"मग?"

"काय न्हाई."

ते परत समोर बघायला लागले. तिला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच ठरवता येईना. राग होता का, कंटाळा, की दुसरंच काही सुरू होत होतं? पूर्वीही ते असे गप्प बसायचे का? असतीलही. पंचवीस वर्षांत तिनं ते कधी मोजून बघितलं नव्हतं. ती आत गेली, वांगी चिरायला घेतली, दोन चिरली, आणि विळी तशीच ठेवून परत दारात येऊन उभी राहिली.